जिला दिशा नाही ती चाल

राख खाऊन आम्ही मोठे झालो असं म्हटलं की माझ्या सुना हसतात. त्यांना वाटतं, सासूबाई गरिबीचं वर्णन करताहेत. गरिबी होतीच, पण मी बोलते आहे ती खरोखरीच्या राखेबद्दल. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांतून ती बारा महिने खाली यायची. दोरीवरच्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर. भाकरीचा तुकडा मोडला की दाताखाली कचकन वाजायचं आणि आम्ही न थांबता चावत राहायचो. ताटं पालथी घालून ठेवायची आणि वाढायच्या आधी पदरानं पुसायची, ही आमच्या घरची रीत. आज मी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, काचेच्या खिडक्या आहेत, तरी जेवायला बसले की ताट पुसते. धाकटी सून एकदा म्हणाली, आई, मी घासलेलं ताट तुम्हाला स्वच्छ वाटत नाही का. तिला काय सांगणार.

आमचं घर वीज केंद्राच्या कॉलनीत नव्हतं, कॉलनीच्या मागच्या वस्तीत होतं. कॉलनीत पगारी माणसं राहायची. बाबा ठेकेदाराकडे रेल्वेच्या सायडिंगवर कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायला जायचे. भोंगा वाजला की निघायचे, दुसरा वाजला की परतायचे, आणि परत आलेल्या माणसाचे फक्त डोळे आणि दात ओळखू यायचे. आंघोळ झाली, लाखोळीची डाळ आणि भाकर पोटात गेली, की ते पेटी काढायचे. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना बोलावणं असायचं, कधी कामठीपर्यंत तर कधी थेट नागपुरापर्यंत. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची. गाणी सगळी डोक्यात. खाटेवर आडवं पडून, पोटावर बोटं आपटत ते चाल शोधायचे. 'चाल' हा शब्द आमच्या घरात मिठाइतका लागायचा. चाल बसली, चाल पडली, अमक्या पार्टीनं चाल चोरली. चाल बसली नाही तर बाबांना जेवण जात नसे.

मायला गाण्याचा राग होता. पेटी सुरू झाली की ती भांडी आपटायला घ्यायची. कॉलनीत ती घरोघरी भांडी घासायला जायची आणि तिथल्या सगळ्या बायकांची, त्यांच्या नवऱ्यांची, त्यांच्या उरलेल्या भाज्यांची तिला माहिती असायची. तिची जीभ विळ्याच्या पात्यासारखी होती. कुणाचं कुठे दुखतं हे तिला पाहताक्षणी कळायचं आणि ती बरोबर तिथेच बोट ठेवायची. मी तिच्यावर गेले आहे असं लोक म्हणतात. माझी त्याला हरकत नाही.

देशकर सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला तर खाली फुलांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. आदरणीय काय, दीपस्तंभ काय. मी काही लिहिलं नाही. सर शिकवायचे उत्तम, हे मी कुणाच्याही आधी सांगेन, कारण पुढे सबंध नोकरीभर मी तोच विषय शिकवला आणि कितीतरी वेळा त्यांच्याच पद्धतीनं शिकवला. पण त्या माणसाला मुलं दुखावण्यात रस होता. विज्ञानातला प्रत्येक शब्द ते कुणाच्या तरी अंगावर चिकटवायचे. जाड पोराला त्यांनी 'वस्तुमान' केलं. ज्याला काही आठवत नसे तो 'निर्वात पोकळी'. एक मुलगा बोलताना अडखळायचा, त्याला ते 'घर्षण' म्हणायचे. 'बोल रे घर्षणा' म्हणायचे आणि हाताची घडी घालून तो बोलेपर्यंत शांतपणे वाट पाहायचे. त्याचं आता टायरचं दुकान आहे, नातवंडं आहेत, आणि गावातले लोक अजून त्याला घर्षणशेठ म्हणतात.

सातवीत गतीचा धडा आला. सरांनी फळ्यावर 'चाल' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि विचारलं, कोण सांगेल याचा अर्थ. वर्गात कुणाला तो शब्द विज्ञानातला म्हणून ठाऊक नव्हता. आम्ही मोटारीचा स्पीड म्हणायचो, चाल नाही. पण मला वाटलं, हा तर माझ्या घरचा शब्द. मी हात वर केला. उभी राहिले आणि म्हणाले, "गाण्याले असते थे, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी वर्गाला आधी हसू दिलं. मग म्हणाले, वा, शालिनीकडे ज्ञान आहे, मग व्याख्या गाऊनच दाखव. त्यांनी व्याख्या फळ्यावर लिहिली. एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल. मी गायले. मला दुसरं काय येत होतं? बाबांची एक चाल होती, पाळण्याच्या गाण्याची, तीत ते शब्द बसवले आणि डोळे मिटून गायले. वर्ग बाक वाजवून हसला. पण गंमत अशी की दुसऱ्या दिवशी नळावर, मैदानावर, सायकलवर पोरं तेच गात होती. चाचणीत आख्ख्या वर्गाची व्याख्या बरोबर आली, निर्वात पोकळीचीसुद्धा. मुख्याध्यापकांनी सरांचं कौतुक केलं. तेव्हा सरांनी मला बोलावून विचारलं, चाल कुणाची आहे. मी सांगितलं, बाबांची. ते म्हणाले, आण त्याला एकदा वर्गात.

ही बातमी मी पळत पळत घरी नेली. बाबांना शाळेनं बोलावलं होतं, तक्रारीसाठी नाही, गाण्यासाठी. बाबांनी अर्ध्या रोजावर पाणी सोडलं. ट्रंकेतला पांढरा सदरा काढला, आमच्या घरात पांढरं असं तेवढंच होतं. पेटी खांद्यावर घेऊन ते माझ्यासोबत शाळेत चालत आले आणि वाटेत सारखी फुंकर मारून सदऱ्यावरची राख उडवत होते. माय म्हणाली होती की तो माणूस फुकट कोणाले पाणी पाजत नाही. आम्ही दोघांनीही ते ऐकून घेतलं नाही.

बाबा वर्गात फळ्याखाली सतरंजीवर बसले आणि गायले. त्यांनी व्याख्येला दोन कडवी जोडली होती, एक बैलगाडीचं, एक मालगाडीचं. पोरं डोलत होती. शेजारच्या वर्गातली खिडकीशी आली. बाबा गाताना देखणे दिसायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात, आणि मला वाटतं ते सरांना सोसलं नाही. टाळ्या हे त्यांचं खातं होतं.

"छान, नामदेव," ते म्हणाले. माझे बाबा त्यांच्याहून वयानं मोठे होते. "चाल सांगितलीस. आता वेग म्हणजे काय ते सांग."

बाबांनी विचार केला. "वेग म्हंजे दुगुन, सर. लय वाढवली का वेग येते."

वर्ग हसला. या वेळी सरही हसले. मग फळ्याकडे वळून त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं आणि समजावून सांगावं तशा स्वरात बोलले. चालीला दिशा लागत नाही, वेगाला लागते. गोल फिरून जिथून निघाला तिथेच आलात तर अंतर पुष्कळ, पण विस्थापन शून्य. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. "तुम्हा लोकांचं तेच आहे, नामदेव. गाणी आहेत, जयंत्या आहेत, मिरवणुका आहेत. चाल भरपूर. पण दिशा नाही. जिथून निघता तिथेच येता." आणि मग वर्गाला म्हणाले, "लिहून घ्या. उदाहरण चांगलं आहे."

पोरांनी लिहून घेतलं. आमच्या वस्तीतली होती त्यांनीही. मी पेन खाली ठेवला. सरांनी ते पाहिलं. बाबा हसतमुखानं उठले, हात जोडले, येतो सर म्हणाले आणि पेटी उचलून निघून गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर ते खाटेवर बसले होते. सदरा काढलेला नव्हता. पेटी कोपऱ्यात. माय चुलीपाशी आंबाडीची भाजी रांधत होती आणि भांडी आपटत नव्हती, त्यावरून मला कळलं की घरात काहीतरी बोलून झालेलं आहे.

"शाले," बाबा म्हणाले, "त्यानं काय म्हटलं थे मले समजावून सांग."

मी म्हणाले, काही नाही, चांगलंच म्हटलं.

"चांगलं म्हटलं असतं तं पोरं खाली माना घालून काहून लिहून राहिले होते?"

आयुष्यात मी हजारो तास घेतले. प्रशिक्षणं केली, आनंददायी शिक्षण म्हणतात ते केलं, टाळ्या वाजवत केलं. पण माझा पहिला तास तो, आणि त्यात मला माझ्या बापाला त्याचा अपमान कसा झाला ते शिकवायचं होतं. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जमलं नाही. मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर खाटेपासून चुलीपर्यंत रेघ काढली, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून परत खाटेपर्यंत. म्हटलं, हे एवढं तुम्ही चाललात, हे झालं अंतर. पण निघालात खाटेपासून आणि आलात खाटेपाशी. म्हणजे सरकलात किती? काहीच नाही. ते विस्थापन. मग वेग कुठून येणार?

बाबा रेघेकडे पाहत म्हणाले, "म्हंजे मी रोज सायडिंगवर जातो आन वापस येतो. माह्यं किती?"

"शून्य."

"तुह्या मायचं?"

"तिचंही."

"माहा कायले हिशेब करता?" माय चुलीपाशून म्हणाली.

"आन पॉवर हाऊसचे साहेब लोक? थे बी तं सांजचे घरीच येतात."

मी थांबले. मग म्हणाले, त्यांचंही शून्य.

"आन देशकर सरचं?"

"त्यांचंही, बाबा. जो कोणी परत येतो त्याचं."

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "म्हंजे शून्य सगळ्यायचंच हाय. त्यानं फक्त आपल्यालेच वाटून देल्लं."

इतक्या लवकर विस्थापन समजलेला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. पण बाबांना समजून थांबायचं नव्हतं. ते आडवे झाले आणि पोटावर बोटं वाजायला लागली. मला कळलं, चाल शोधताहेत. देशकर सरांची बायको नागपूरला नंदनवन भागात राहायची, सर इथे एकटे खोली करून. दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाजारातून भाजीची थैली भरून ते एसटीनं नागपूरला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. हे आख्ख्या गावाला माहीत होतं. भाकरी थापून होईपर्यंत गाणं तयार झालं.

शनवारी निघे स्वारी, थैली हाती भारी,
आइतवारी वापस आली, जिथल्या तिथं सारी.
चाल पाह्य गा, सरची चाल पाह्य गा,
अंतर कापलं लय, वेग शून्य हाय गा.

मी हसले. बाबांनी पुन्हा म्हटलं, दुसऱ्या कडव्यासाठी शब्द चाचपायला लागले. तेव्हा माय तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "बायकोनं लावलं दार, पायरीवरून माघारी. हे टाका."

 मायनं सांगितलं, ती सरांकडेही भांडी घासायला जाते. थैलीतली मेथी सोमवारी तशीच बांधलेली, सुकलेली ओट्यावर सापडते. बाईनं घरात घेतलं असतं तर भाजी नसती का घेतली? आम्हाला ती मेथी ठाऊक होती. मायच ती घरी आणायची आणि आम्ही डाळीत घालून खायचो.

"हे जास्त होते वं," बाबा म्हणाले.

"त्यानं पोरीसमोर तुमाले कमी म्हटलं का?"

ओळ गाण्यात गेली. आणि खरं सांगायचं तर गाणं चाललं ते त्याच ओळीवर.

पहिल्यांदा बाबांनी ते वस्तीतल्या एका हळदीला गायलं. आजकाल मुलं म्हणतात अमुक व्हायरल झालं. आमच्याकडे मोबाइल नव्हते, पण तोंडं होती. आठवड्याभरात कॉलनीतली पोरं, पाण्याच्या टाकीवरचे मजूर, एसटी स्टँडवरचा चहावाला, सगळ्यांच्या तोंडी तेच. शनिवारी सर थैली घेऊन स्टँडवर उभे राहिले की कुणीतरी फक्त शीळ घालायचं, शब्दांची गरज नसे. दुसऱ्या पार्ट्यांनी चाल उचलली आणि गाणं नागपूरच्या वस्त्यांमध्ये गेलं. वर्गात सर फळ्यावर लिहीत असले आणि मागून कुणी गुणगुणलं की त्यांचा खडू जागच्या जागी थांबायचा. ते मागे वळून पाहत नसत. त्यांनी कुणाला नावं ठेवणं सोडलं. घर्षणाला सरळ त्याच्या नावानं हाक मारली तेव्हा तो बिचारा उठलाच नाही, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. मला आनंद होत होता. दर वेळी खडू थांबला की पोटात गोड वाटायचं. आज आठवलं तरी वाटतं, मी काय लपवू.

एका रविवारी दुपारी सर आमच्या दारात आले. रविवार होता आणि ते नागपूरला गेले नव्हते. आमच्या वस्तीत त्यांनी त्याआधी पाऊल टाकलेलं नव्हतं. बाबांनी खाट झटकून त्यांना बसवलं. मायनं चहा ठेवला. सरांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत, खालीही ठेवला नाही.

"नामदेवराव," ते म्हणाले. तो 'राव' ऐकून माय चुलीपाशून वळून पाहायला लागली. "ते गाणं बंद करा."

बाबा अगदी मऊ आवाजात बोलले. "सर, मी शिकेल माणूस नाही. पोरीनं शिकवलं तेवढं गाण्यात टाकलं. तिनं चुकीचं शिकवलं असन तं तुमी सांगा. मी म्हणतो, तुमी तपासा."

आणि त्यांनी गाणं म्हटलं. पेटीशिवाय, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून सरांच्या तोंडाकडे पाहिलं. अंतर कापलं लय. बरोबर हाय का, सर? सर म्हणाले, बरोबर आहे. वेग शून्य. बरोबर आहे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि मला एकाच वेळी हे थांबावं असंही वाटत होतं आणि शेवटपर्यंत चालावं असंही. मग बाबा त्या ओळीवर आले. बायकोनं लावलं दार, पायरीवरून माघारी.

सरांची नजर कपात गेली.

"हे चूक हाय का, सर? चूक असन तं काढून टाकतो."

"आधी बरोबर होतं," सर कपाकडे पाहत म्हणाले. "मग मधे चूक झालं होतं. ती मला आत घ्यायला लागली होती. जेवायला वाढत होती. आता नंदनवनातली पोरं तिच्या दारासमोर हे म्हणतात. आता पुन्हा बरोबर आहे."

बाबांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्यांनी मायकडे पाहिलं. माय परातीत पीठ मळत होती आणि तिनं मान वर केली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाणं तयार झालं त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या डाळीत मेथी पडलेली नव्हती. नंदनवनात भाजी आत जाते आहे हे मायला माहीत होतं. ओळ खोटी आहे हे माहीत असूनच तिनं ती दिली होती.

मी तिला पुढे कधी विचारलं नाही, आणि ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. विचारलं असतं तरी तिनं एकच उत्तर दिलं असतं, आणि त्या उत्तरात बाबांचा पांढरा सदरा आला असता. मला ते उत्तर चुकीचं वाटत नाही. मला सरांची दया आली का? त्या बाईची आली, जिचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. सरांची नाही आली.

"मी आता गाणार नाही," बाबा म्हणाले. "पण पोरायले कसं थांबवू, सर?"

सरांनी मान हलवली, जणू त्यांना हे माहीतच होतं. थंड झालेला चहा एका घोटात प्यायले, कप जमिनीवर ठेवला आणि चपला घातल्या.

"उद्या येऊ का भांड्याले?" मायनं विचारलं.

"या," सर म्हणाले.

ते वस्तीच्या बोळातून जायला लागले. हातपंपापाशी आमची पोरं होती. त्यांनी सरांना पाहिलं आणि सुरू केलं, शब्दांसकट. सर थांबले नाहीत की पळाले नाहीत. पण चाल अशी होती की तिच्या बाहेर पाय टाकता येत नसे. थोडं अंतर गेल्यावर सरांची पावलं तिच्यावरच पडायला लागली, डावं, उजवं, अगदी ठेक्यात, आणि ते त्यांना कळलेलं असणार, कारण त्यांनी मधेच एकदा पाऊल बदलून पाहिलं. पुढच्या ओळीला ते पुन्हा ठेक्यात आले. बोळ संपेपर्यंत आम्ही तिघं दारात उभं राहून पाहत होतो.

"चाल चांगली बसली होती," बाबा म्हणाले.

"बसली तं," माय म्हणाली. "आता जेवाले बसा."